निळ्या पिंपाचं पाणी

माणदेशात जन्मून गोड्या पाण्यात मीठ कालवणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो माझ्याच पोटचा. धनाजी त्याचं नाव. वस्तीवरच्या बायका आपापल्या लेकांची गाऱ्हाणी सांगतात. कुणाचा पितो, कुणाचा पत्ते कुटतो, कुणाचा बायकोच्या पदराआड बसतो. मी काय सांगणार? माझा लेक पाणी खारट करतो. सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं नसतं, म्हणून मी गप्प राहिले. मग एकेक जण घरी येऊन आपल्या डोळ्यांनी बघून गेला.

आमची वस्ती दहिवडीपासून दोन कोसांवर. इथं पोर बोलायला लागायच्या आधी पाणी सांडू नये एवढं शिकतं. मी लग्न होऊन आले त्या दिवशी सासूनं मला एकच गोष्ट शिकवली. आधी माणूस, मग जनावर, मग भांडं. भांड्याचं उरलेलं शेवग्याला. तीन-चार ठिकाणी राबल्याशिवाय आमच्या घरात पाण्याला सुट्टी नव्हती. आणि तिथं हा माणूस अख्खी पेटी भरून पाणी नासवायला निघाला.

धनाजी बावीस वर्षं मुंबईत होता, माशांच्या दुकानात. खायच्या नव्हे, बघायच्या. उंच इमारतींतल्या लोकांच्या घरी काचेच्या पेट्या बसवायच्या, महिन्यातून दोनदा जाऊन त्या धुवायच्या, मासा आजारी पडला तर औषध घालायचं. बापानं जन्मभर मेंढरं राखली, लेकानं मासे राखले. राखणच ती, फक्त आमच्या कळपाला पाय होते. बाप गेला तेव्हा धनाजी दहाव्याला आला आणि परत गेलाच नाही. त्याच्या बायकोला, राणीला, आनंद लपवता येईना. मलाही झाला, पण मला लपवता येतो.

दिवाळी झाल्यावर तो म्हणाला, बावीस वर्षं लोकांच्या घरातला समुद्र धुतला, आता एक आपल्या घरात करून बघतो. त्याच्या मनात असं होतं की पेटीत पोवळं वाढवायचं, उसाची कांडी लावतात तसे त्याचे तुकडे लावायचे, आणि सांगली, कोल्हापूर, पुण्याला ज्यांना असल्या पेट्यांचा नाद आहे त्यांना द्यायचे. दुकानाच्या मालकानं त्याची जागा वैशाख संपेपर्यंत राखून ठेवली होती. तोवर जमलं नाही तर परत ये, असा निरोप. म्हणजे सगळं उघड होतं. पेटी जगली तर लेक घरी. पेटी मेली तर लेक मुंबईला, आणि मग माझ्या मयतालाच येणार.

पोवळं म्हणजे दगड, असं मी साठ वर्षं समजत होते. माझ्या गळ्यात एक मणी आहे पोवळ्याचा, लग्नातला. त्याला पाणी लागतं, खाणं लागतं, उजेड लागतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला देवऋषाकडं नेलं असतं.

पेटीसाठी त्यानं ओटीवरची भिंत धरली. त्याच भिंतीला आमच्या मालकांची, धनाजीच्या बापाची, काठी टेकलेली असते आणि खुंटीवर त्यांचं घोंगडं. मी म्हटलं, ते हलणार नाही. तो म्हणाला, हलवू नको, राहू दे तिथंच. कराडहून पेटीखाली ठेवायला लोखंडी घोडी करून आणली. गवंड्याची पाण्याची नळी धरून चारी कोपरे बघितले, एका पायाखाली पत्र्याचा तुकडा सारण्यात अर्धा दिवस घालवला. मी म्हटलं, तुझ्या लग्नाचा मांडव घालताना एवढं बघितलं नव्हतं. तो म्हणाला, मांडव हवेवर उभा असतो, ही पेटी पाण्यावर. एक कोपरा खाली गेला की काच कधी ना कधी फुटते.

वरच्या पेटीखाली घोडीच्या पोटात दुसरी लहान पेटी. वरचं पाणी नळीनं खाली पडायचं, मोटार ते पुन्हा वर न्यायची. दिवसभर घरात झऱ्यासारखा आवाज. ही एक गोष्ट मला पटली, कारण पाणी वाया जात नव्हतं. मग पांढरी वाळू आली. मग दगड आले, हलके, भोकाभोकांचे, उन्हात वाळलेल्या हाडासारखे. ते त्यानं सिमेंटाशिवाय बांध रचतात तसे रचले, मोडले, पुन्हा रचले. मध्ये गुहा ठेवल्या. कुणासाठी, म्हणून विचारलं तर म्हणाला, येतील त्यांना.

पाण्याचं मात्र मला झोंबलं. आमच्या बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला पांढरी खपली धरते, डाळ तासभर उकळली तरी दाताखाली कचकचते. त्यासाठी त्यानं परसात एक गाळणी बसवली, उभ्या नळकांड्यांची. तिला दोन नळ्या. एका नळीतून नितळ पाणी करंगळीएवढ्या धारेनं निळ्या पिंपात पडायचं. त्याच्या तिप्पट पाणी दुसऱ्या नळीतून काळ्या पिंपात. काळ्यातलं पाणी म्हणजे बोअरचा सगळा गाळसाळ त्यातच उरलेला, आणखी जड. आता ऐका. निळं पिंप माशांचं आणि काळं पिंप आमचं. काळ्यातलं भांड्यांना, धुण्याला, झाडांना. प्यायला आपलं बोअरचं, नेहमीचं. धनाजीनं हे सांगितलं तेव्हा माझी मेलेली सासू भिंतीतून बाहेर येऊन त्याच्या मुस्काटात देईल असं मला वाटलं.

मीठ पोत्यातून आलं. मोठ्या टबात निळ्या पिंपाचं पाणी ओतलं, पोतं फोडलं, मापानं मीठ घातलं. मी तोंडाला पदर लावून उभी राहिले, मयताच्या दारात राहतात तशी. पाणी दोन दिवस टबात घुसळत होतं. मग मिठाचं माप बघायला त्यानं एक थेंब काचेच्या तुकड्यावर घेऊन उजेडाला डोळ्याशी धरला आणि मान हलवली. तो बाहेर गेल्यावर मी बोट बुडवून जिभेला लावलं.

ही चव मी एकदा घेतली होती.

तेव्हा धनाजी पोटात होता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आम्ही घाट उतरून कोकणात जायचो, घोड्यावर बिऱ्हाड, करडं-कोकरं खोगिरात, आणि भाताच्या कापलेल्या खाचरांत खतासाठी रातरात कळप बसवायचा. त्या सालात मालकांनी कळप दिराच्या हवाली केला आणि मला म्हणाले, चल, तुला दर्या दाखवतो. दोन टेकड्या ओलांडून गेलो. दर्या आधी ऐकू आला, मग दिसला. आभाळाची कड सुटून खाली लोंबत होती. एवढं पाणी मी स्वप्नातही बघितलं नव्हतं. आमच्याकडच्या बाईला पाण्याचं स्वप्न पडलं तरी त्यात घागर असते, फार तर विहीर. मी गुडघाभर आत गेले आणि ओंजळ भरून तोंडाला लावली. थुंकले, आणि मला रडू आलं. रागानं. मी म्हटलं, एवढं पाणी, आणि सगळं नासलेलं.

मालक हसले नाहीत. म्हणाले, "नासलं न्हाई, हरणे. आपल्यासाठी न्हाई, एवढंच."

पेटी भरली आणि धनाजी दीड महिना नुसता बसून राहिला. आत पाणी, वाळू, दगड, वर निळा दिवा, आणि एक जीव नाही. आमच्या शेजारचे नानासो बघायला आले. त्यांना दुसऱ्याच्या घरातल्या अपयशाचा लांबून वास येतो. पेटीभोवती फिरून म्हणाले, "वैनी, मासं कुठं हायती?"

मी म्हटलं, "तुमास्नी लाजून दगडामागं बसल्यात."

पण धनाजीनं मला त्या दीड महिन्याचं कारण सांगितलं होतं आणि ते मला लगेच समजलं होतं. तो म्हणाला, नव्या पाण्यात माशाची घाणच माशाला मारते. ती घाण खाणारे न दिसणारे जीव आधी दगडात राहायला यावे लागतात, मग मासा. मी म्हटलं, म्हणजे लेंडीखत. ताजी लेंडी पिकाला जाळते, मुरलेली पीक वाढवते. कळप बसवून उठवला की शेतकऱ्याला बाप तुझा हेच सांगायचा, घाई करू नको, मुरू दे. धनाजी माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, मला हे शिकायला मुंबईत दोन वर्षं लागली. मी म्हटलं, मला विचारायचंस.

माघात आम्ही सांगलीला गेलो. तिथं यशराज म्हणून एक ओळखीचा, पलूसकडचा बागाईतदार पोरगा, ऊस आहे, घरात फौजी माणसं आहेत, आणि ह्याला ह्या पेटीचं वेड. त्याच्या दिवाणखान्याची एक भिंत म्हणजे समुद्र. मी उंबऱ्यातच थांबले. पोवळी उघडलेली होती. हिरवी, जांभळी, शेंदरी. एकेक चिमण्या बोटांनी पाण्यात काही तरी मोजत होती. वारा नसताना शेत हलावं तसं सगळं हलत होतं. यशराजनं मला आज्जी म्हणून खुर्ची दिली, चहा दिला. चहा निवून गेला.

त्यानं सहा तुकडे दिले, प्रत्येक पाण्याच्या पिशवीत, आणि दोन मासे. सगळं थर्मोकोलच्या खोक्यात. विटा, मायणी, सगळ्या रस्त्यानं तो खोका मी मांडीवर धरला. धनाजी म्हणाला, खाली ठेव, आये. मी म्हटलं, वाटेत व्यालेलं कोकरू मी घाट चढून असंच आणलंय, मला नको शिकवू. खोक्यात पाणी हलायचं तेव्हा मांडीला कळायचं.

घरी आल्यावर त्यानं त्यांना एकदम सोडलं नाही. पेटीतलं पाणी बारीक नळीतून थेंब थेंब पिशवीत टाकत दोन तास बसला. नव्या कुरणावर मेंढरू असंच हळूहळू आणतात, नाही तर फुगतं. मासे तांबडे, अंगावर पांढरे पट्टे. मी त्यांना नावं दिली, बांडा आणि बांडी. राणी म्हणाली, आत्याबाई, ह्यांत बांडी कोणती? मी म्हटलं, जी पुढं चालते आणि दुसऱ्याला ढोसते ती.

फाल्गुनात तुकडे उघडले. आणि मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण ते काही घडणं नव्हतं. दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की मी घोंगडीवर बसायची. दार लोटलेलं, बाहेर ऊन पांढरं. ओटीवर मात्र निळा थंडावा. पाण्याची सावली भिंतीवर चढायची, मालकांच्या काठीवरून सरकायची, घोंगड्यावरून वाहायची. बघता बघता काठी हलल्यासारखी वाटायची. डोळा लागला की पेटीची काच नसायची. मी त्या दगडांच्या गुहांतून चालत असायची, पायात वाळू, आणि पुढं कळप. पांढरे, काळे, बांडे, सगळे पाण्यात चालत होते आणि त्यांच्या लोकरीतून बुडबुडे वर जात होते. मालक मागं असायचे. वळून बघायचं नाही हे मला कसं कोण जाणे माहीत असायचं. त्यांची हाक यायची, ती मेंढरांसाठीची, जिभेनं टाळूला मारलेली. मी जागी व्हायची तर ती मोटारीची टिकटिक असायची.

कुणी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बसते जरा, पाय दुखतात.

होळी झाली आणि ऊन चढलं. धनाजीनं पाणी गार राहावं म्हणून पेटीवर चार लहान पंखे लावले. गार राहिलं, पण उडायला लागलं. रोज एक घागर. पाणी उडतं आणि मीठ मागंच राहतं, म्हणून त्या जागी पुन्हा गोडंच पाणी घालायचं, निळ्या पिंपातलं. रोज एक घागर नितळ पाणी त्या पेटीत जाताना मी बघत होते. आमच्या बोअरची धार बारीक झाली होती, टँकर चार दिवसांनी येत होता. आणि घरात माणसं ते जड पाणी पीत होती.

एके सकाळी तो रानात गेल्यावर मी घागर घेतली. निळ्या पिंपातलं एक घागर पाणी आणलं, स्वयंपाकघरातल्या रांजणात ओतलं. आणि काळ्या पिंपातलं एक घागर भरून निळ्यात ओतलं. ही चोरी नव्हती. घागरीला घागर दिली होती. आधी माणूस, मग जनावर. मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी दोन घागरी केल्या. मग रोजच.

त्या आठवड्यात माझी डाळ शिजायला लागली. दोन शिट्ट्यांत लोणी. जन्मभर मी डाळीला सोडा घालत आले होते. धनाजी दोनदा मागून वाढून घ्यायचा. म्हणायचा, आये, ह्या वयात तुझ्या हाताला गोडी आली. राणीनं तोंड वाकडं केलं, कारण सैपाक निम्मा तिचा होता. मी म्हटलं, हाताला आधीपासनंच होती, तुझी जीभ मुंबईत होती.

चैत्राच्या शेवटाला पोवळी मिटायला लागली.

आधी एक मिटलं. मग शेंदरी. वाळूवर तपकिरी साय धरली, दगडांवर हिरवे केस आले. धनाजी म्हणाला, उजेड जास्त होत असेल. उजेड कमी केला. खाणं जास्त होत असेल. बांडा-बांडीचं खाणं निम्मं केलं. गाळणीच्या नळीला पाण्याचा जडपणा मोजायचा आपला मीटर लावून बघितला. पाणी चोख होतं. नळीला चोखच असणार. मग त्यानं पेटीतलं पाणी बदलायला घेतलं. निळ्या पिंपातलं पाणी काढायचं, मीठ कालवायचं, पेटीत घालायचं. जितकं बदलायचा तितकं दुखणं वाढायचं. रात्रीचं जेवण तो पेटीकडं पाठ करून घ्यायला लागला.

मी बघत होते. मला वाटलं, उन्हानं असेल.

वैशाख अर्धा झाला तेव्हा त्यानं मुंबईला फोन केला. मी ओटीवर होते, तो परसात, पण आमच्या घरात भिंती नावाला आहेत. तो म्हणत होता, होय शेठ, येतो. न्हाई, इथलं पाणीच मानवत न्हाई. मग यशराजला फोन केला, येत्या रविवारी येऊन सगळं घेऊन जा, निदान तुमच्याकडं जगेल. राणी चुलीपाशी बसून राहिली. तिनं भाकरी जाळली. मी तिला काही बोलले नाही, त्यावरून तिला कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घोंगडीवर बसले. पेटीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मिटलेली बोंडं आणि त्यांच्यावर साय. डोळा कधी लागला कळलं नाही. आज कळप चालत नव्हता. एका ओढ्याच्या काठाला सगळी मेंढरं उभी होती, ओळीनं, तोंडं मिटून. पाणी पुढ्यात होतं आणि एकही तोंड लावत नव्हतं. ह्या वेळेला मी वळून बघितलं. मालक ओढ्यात हात घालून उभे होते आणि हात वर काढून बघत होते. जन्मभर ते जे बोलायचे ते मला पाठ होतं. कळपानं तोंड मिटलं तर आधी चारा बघू नये, पाणी बघावं.

मी उठले ती थेट परसात गेले. निळ्या पिंपाचं झाकण काढलं. आतून पांढऱ्या खपलीची कड धरली होती, बोटभर रुंद. ही खपली मला माहीत होती, माझ्या चहाच्या भांड्याची होती. घरात आले, चहाचं भांडं बघितलं. ते आतून लखलखीत होतं. महिनाभर मी त्याची खपली खरवडली नव्हती.

मी तिथंच पाटावर बसले. डाळ मऊ का झाली आणि पोवळी का मिटली, हे दोन्ही माझ्या एकाच घागरीनं केलं होतं.

आता खरं सांगायचं तर त्याच घटकेला मी लेकाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. ह्या घरात पन्नास वर्षं मी लोकांच्या चुका दाखवल्या आहेत. स्वतःची दाखवायची रीत मला ठाऊक नव्हती. मी काय केलं, निळं पिंप उपसून शेवग्याला घातलं, आतून घासलं, आणि गाळणीची धार त्यात मोकळी सोडली. घागरीला शिवले नाही. मनात म्हटलं, आता उघडतील. शुक्रवार गेला. शनिवार गेला. एकही बोंड उघडलं नाही. मुरलेलं दुखणं होतं ते, दोन दिवसांत कसं निघणार.

रविवारी यशराज गाडी घेऊन आला. थर्मोकोलचे चार खोके त्यानं ओटीवर ठेवले. मी म्हटलं, आधी जेवायचं, मग काय न्यायचं ते न्या. पानं वाढली. भात, डाळ, वांगं. धनाजीनं पहिला घास घेतला आणि चावायला लागला. चावतच राहिला. राणी वाढता वाढता म्हणाली, दोन दिवस झाले, आत्याबाई, डाळ पुन्हा शिजंना झालीय.

धनाजीचं तोंड थांबलं. बावीस वर्षं पाण्यात हात घातलेला माणूस तो. त्यानं ताटातली डाळ बोटानं दाबून बघितली. मग रांजणाकडं बघितलं. मग मान वळवून परसाच्या दाराकडं, जिथून दोन्ही पिंपं दिसतात. माझ्याकडं अजून बघितलं नव्हतं. बघणार होता.

कुणी मला पकडावं हे मला ह्या जन्मात चालणार नाही. मी आधी उठले. एका पेल्यात काळ्या पिंपाचं पाणी आणलं, त्याच्या पानासमोर ठेवलं, आणि महिनाभर निळ्या पिंपात हे होतं आणि निळ्यातलं तुझ्या डाळीत होतं, असं सगळं सांगितलं. घागरीला घागर कशी दिली तेही. यशराजनं हातातला घास ताटात ठेवला. राणीनं पदर तोंडात धरला.

धनाजी उठला, मीटर आणला, पेल्यात बुडवला, आकडा बघितला. मग यशराजला दाखवला. यशराज हात धुऊन पेटीपाशी गेला आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. शेवटी म्हणाला की बुडखे अजून जिवंत आहेत, चोख पाणी दोन महिने मिळालं तर उघडतील, आणि आपले खोके तो रिकामेच नेईल. बांडी काचेपाशी येऊन त्याच्या नाकाला ढोसत होती.

लेक मला रागानं बोलेल असं वाटलं होतं. त्याची मी तयारी केली होती, उत्तरंही होती. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "नळीपाशी रोज बघितलं, आये. पिंपात एकदाबी न्हाई बघितलं. पिंप तुझ्या हाताखालचं, म्हनून."

बाहेर ऊन पांढरं होतं. भिंतीवर पाण्याची सावली काठीवरून सावकाश वर चढत होती. मला ती दर्याच्या पाण्याची ओंजळ आठवली, आणि तेव्हा मी कुणावर रागावले होते ते इतक्या वर्षांनी कळेना. मी पुन्हा पानापाशी बसले, त्याच्या ताटात आणखी डाळ वाढली, आणि म्हटलं,

"ऐक, धना. गोड्या पाण्यात मीठ कालवतोस म्हणून म्या तुला सहा महिनं नावं ठिवली. ती परत घेनार न्हाई, म्या कवाच काय परत घेत न्हाई. पन निळ्या पिंपाचं पानी आपल्यासाठी न्हाई. ते ह्यांचं. आजपासनं त्याला माणूस शिवणार न्हाई, आन् शिवला तर माझ्याशी गाठ हाय. मुंबैच्या मालकाला फोन लाव, म्हनावं आईनं सोडलं न्हाई. डाळ कच्ची मिळंल. ती चावून खायाची आन् हितंच ऱ्हायाचं."